नाव न घ्यायच्या मास्तरांचे चार टँगो

मी अपशकुन मानत नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुमचा माझ्याबद्दल भलताच ग्रह होईल. उभी हयात मी विमा कंपनीत अपघाताच्या दाव्यांची छाननी करण्यात घालवली. माणूस जिन्यावरून पडला की घरचे कपाळावर हात मारून म्हणायचे, "नशीब!" मी जाऊन बघायचो, तर जिन्यावर साबणाचं पाणी. कुणाच्या अंगावर कुंडी पडली की "नशीब!" वर जाऊन बघावं, तर कठड्याला मांजर अंग घासतंय. नशीब या सदराखाली मी आयुष्यात कुणाला एक छदाम मंजूर केला नाही आणि त्याबद्दल ब्वेनोस आयरेसच्या निम्म्या शहराने मला शिव्या घातल्या आहेत.

तरीसुद्धा ज्या बँडमास्तरांमुळे हे सगळं रामायण घडलं त्यांचं नाव मी इतक्यात लिहीत नाही. माझ्यासाठी नव्हे हो, तुमच्यासाठी. तुम्ही कुठे बसून वाचताय मला काय ठाऊक? डोक्यावर पंखा असेल. तूर्त आपण त्यांना नुसतं मास्तर म्हणू.

आमच्या शहरात असा एखादा माणूस कायम असतो. त्याला मुफा म्हणतात, म्हणजे पनवती. त्याचं नाव निघालं की बायकांनी लगेच डाव्या छातीला हात लावायचा. पुरुषांनीही हात डावीकडेच लावायचा, पण बराच खाली. सभ्य माणसं खिशात हात घालून हे काम उरकतात, बाकीचे उघड्यावर. मास्तर स्वतः बँडोनियन, म्हणजे दोन्ही हातांनी ताणायचा भात्याचा बाजा, वाजवायचे, त्यांचा दहा-बारा जणांचा टँगो ऑर्केस्ट्रा होता, आणि ते वाजवत असताना एकदा एका हॉलचं झुंबर खाली आलं. मग कुणाला तरी आठवलं की मास्तरांनी सकाळी कुरवाळलेला घोडा दुपारच्या शर्यतीत बसकण मारून बसला होता. मग कुणी सांगितलं की त्यांनी एका मंत्र्याचं अभिनंदन केलं आणि संध्याकाळी सरकार पडलं. आता त्या काळात आमच्याकडची सरकारं कुणी अभिनंदन न करताही पडायची, पण हे कोण लक्षात घेतो? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ! लोकांनी त्यांच्या तबकड्या फोडून टाकल्या. कंपनीने मूळ साचे वितळवले. मास्तरांची गाणी दुर्मिळ झाली ती अशी.

या भानगडीत मी पडलो तो आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये. तिसऱ्या मजल्यावर नेलिदा नावाच्या बाई राहतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, पण केस रंगवल्याशिवाय पाव आणायलासुद्धा खाली उतरणार नाहीत. त्या दिवशी त्यांच्या हातात खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं.

"बेर्तो, तू अपशकुन मानत नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

"छे! मी विम्यातला माणूस."

"मग हे धर. माझ्या बाबांची तबकडी आहे."

"कोण बाबा?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानात नाव सांगितलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. आमची लिफ्ट तशी आठवड्यातून दोनदा थांबतेच. हे मी स्वतःला तिथल्या तिथे समजावलं, डावा हात खिशात घालून.

अडकलेल्या लिफ्टमध्ये माणूस कुठे पळणार? सगळी हकीकत ऐकून घेतली. मास्तरांची मुलगी म्हणून कुणी दारात उभं करीना, तेव्हा आईचं आडनाव लावून या बाईंनी जन्म काढला. आमच्याच मोहल्ल्यातल्या अल्बोराडा क्लबने मास्तरांना एकदा कार्निव्हलच्या नाचासाठी ठरवलं होतं. मास्तर बँड घेऊन दारात पोचले, तर सेक्रेटरीने बिदागी हातावर ठेवली आणि म्हणाला, सगळी घ्या, पण कृपा करून वाजवू नका. मास्तरांनी त्यानंतर बँडोनियनची पेटी उघडली नाही.

"पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे," नेलिदाबाई म्हणाल्या. "मी टेबलावरून उठले नाही तर लोक काय म्हणतील सांगू? म्हणतील, अखेर पोरीलाही खाल्लं त्यांनी! त्याच्या आधी मला एकदा बघायचंय. त्याच क्लबात, बाबांच्या गाण्यांवर माणसं नाचली आणि कुणाला काही झालं नाही. एकदाच बघायचंय बेर्तो. मग काय व्हायचं ते होऊ दे."

असं कुणी म्हटल्यावर तुम्ही नाही म्हणाल? मीही म्हणालो नाही. घरी येऊन डेलियाला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं तेव्हा ती गॅससमोर उभी होती. तिने झारा खाली ठेवला आणि डाव्या छातीला हात लावला.

"म्हाताऱ्या, हे हात दाखवून अवलक्षण आहे," ती म्हणाली.

"डेलिया, तू फार्मसीत काम केलेली बाई—"

"म्हणूनच सांगते. विषाची परीक्षा घ्यायची नसते."

आता टँगोच्या नाचात एक रीत असते. एकाच ऑर्केस्ट्राची चार गाणी ओळीने लावायची, मग थोडी विश्रांती, मग दुसऱ्याची चार. तीन लावली तर लोक पैसे परत मागतात. नेलिदाबाईंच्या तबकडीवर दोन बाजू, म्हणजे दोन गाणी. आणखी एक तबकडी हवी होती. जुन्या तबकड्या जमवणाऱ्या लोकांना तुम्ही ओळखत असाल तर सांगायला नको. ही माणसं सख्ख्या भावाला तबकडीला बोट लावू देत नाहीत. अशा एका तारान्तो नावाच्या महाशयांना मी भीत भीत फोन केला, मास्तरांचं नाव घेतलं, तर पलीकडून फोन आदळल्याचा आवाज आला. तासाभराने गृहस्थ स्वतः आमच्या दारात हजर. तबकडी लाल फडक्यात बांधलेली, वर लसणाची माळ.

"घ्या," ते म्हणाले.

"काय द्यायचं?"

"मला? काही नको. तुम्हाला टॅक्सीने कुठे न्यायची असेल तर भाडं मी देतो. आत्ता न्या."

दुर्मिळ वस्तू मिळवायला लोकांना घरं विकावी लागतात. मला माळेतल्या लसणासकट फुकट मिळाली, आणि लसूण चांगला होता.

मग गाठला वेन्से. जुन्या तबकड्यांचा आवाज स्वच्छ करून त्यांच्या सीडी काढणारा हा तरुण मूळचा रोसारिओचा. देव नाही, दैव नाही, असं सांगणारा. मनगटाला मात्र लाल दोरा. "फॅशन आहे," म्हणाला. त्याने थेंबभर साबण घातलेल्या पाण्याने दोन्ही तबकड्या अशा पुसल्या की माझ्या आईने मला कधी पुसलं नसेल. एकीला तडा होता, त्यामुळे दर फेऱ्याला टक् व्हायचं. गाणं तीन मिनिटांचं आणि टक् शेकडो. ते सगळे त्याने एकेक करून काढले. मधलं भोकही जरा बाजूला पडलेलं, त्यामुळे सूर जत्रेत झिंगलेल्या माणसासारखा डुलायचा. आणि वेग! थोडा जास्त ठेवला की गाणारा कोंबडीसारखा, कमी ठेवला की बैलासारखा. शेवटी नेलिदाबाईंनी कपाटावरून मास्तरांचं बँडोनियन उतरवलं. त्याचा सूर पिळून वर-खाली करता येत नाही, तो पत्तीत बसवलेला असतो. बाईंनी एक बटण दाबून धरलं, वेन्सेने त्या सुराला गाणं आणून भिडवलं, आणि अचानक खोलीत माणसं वाजवायला लागली. मी शास्त्रापुरतंच सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. मग फ्यूज उडाला.

फ्यूज उडणारच होता. एकाच बोर्डावर हीटर, संगणक आणि कॉफीची किटली! मी वेन्सेला शांतपणे समजावलं. तो म्हणाला, "मला ठाऊक आहे हो." पण संगणकात आठवडाभराचं काम होतं ते गेलं, आणि त्याच्या मनगटावर दुसऱ्या दिवशी दोन दोरे होते.

इथवर ठीक होतं. घात केला फुटबॉलने. दुरुस्त केलेलं पहिलं गाणं वेन्सेने मला दिलं तो दिवस आमच्या देशाच्या सामन्याचा होता. मला सामना बघवत नाही, छातीत धडधडतं, म्हणून मी खिडकीशी बसून ते गाणं लावलं. खिडकी उघडी होती, एवढीच काय ती चूक. नेमकी त्याच वेळी आमची पेनल्टी किक हुकली. ती कुणी हुकवली ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आमच्या गल्लीत मात्र ती मी हुकवली. संध्याकाळी पावाच्या दुकानात गेलो तर रांगेतले सगळे पुरुष एकदम खिशात हात घालून उभे राहिले. माझ्याकडे बघून! दुकानदारीण मला मेदियालुना, म्हणजे आमचे चंद्रकोरी पाव, देताना कागदाचं टोक धरून देत होती.

मी स्वतः पनवती झालो होतो. विम्यातला माणूस! मला हे इतकं लागलं की त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

लगेच इमारतीतल्या फ्लॅटवाल्यांची तातडीची सभा भरली. विषय एकच : लिफ्ट. केअरटेकर एलिसेओने सांगितलं की मोटर एकोणिसशे साठची आहे आणि तेल पाहिलेलं तिला आठवत नसेल. सभेने त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि ठराव केला की सेन्योर लागोमार्सिनो यांनी, म्हणजे मी, "त्या वस्तू" इमारतीबाहेर हलवाव्यात.

"हा अन्याय आहे! कारण आणि परिणाम यांचा काही—" मी उभा राहिलो.

"बसा हो, खुर्ची मोडेल," मागून कुणीतरी म्हणालं.

मी बसलो. खुर्ची मोडली. ती सभेच्या खोलीतली मुळातली मोडकीच खुर्ची होती, कोपऱ्यात ठेवलेली, सगळ्यांना माहीत होती. पण पडल्या जागेवरून हे सांगून काही उपयोग नसतो.

या चार गाण्यांची सीडी काढायची ठरली होती, तेव्हा हक्क नोंदवायच्या कार्यालयात गेलो, तिथे तर कहरच झाला. खिडकीतली बाई मोठी गोड होती. मास्तरांचं नाव वाचल्याबरोबर मात्र तिने कागद पेनाच्या टोपणाने माझ्याकडे ढकलला.

"नुसती आद्याक्षरं नाही का चालणार?" तिने विचारलं.

"मला चालतील. तुमच्या संगणकाला चालतील का?"

तिने करून बघितलं. संगणक म्हणाला, पूर्ण नाव अनिवार्य. मग तिने शेजारणीला बोलावलं, शेजारणीने साहेबांना, आणि साहेब नेमके तेव्हाच जेवायला गेले, जरी सकाळचे दहा वाजले होते. शेवटी बाईने कीबोर्डच खिडकीतून माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच टाइप करा. मी डोळे मिटते." सरकारी कार्यालयात मी माझ्या हाताने सरकारी काम केलं. शिक्काही मीच मारला. डाव्या हाताने मारावा लागला असता तर तो मोकळा नव्हता.

सीडीचं कव्हर छापणाऱ्या अन्सेल्मोने फार काही केलं नाही. त्याने मुखपृष्ठावर सुरेख अक्षरांत छापलं, "चार टँगो, सादरकर्ते :" आणि पुढे टिंबं. तीनशे कव्हरं, तीनशे वेळा टिंबं.

"अरे नाव कुठाय?"

"मशीन नाजूक आहे बेर्तो. मुलीचं लग्न तोंडावर आहे. तूच समजून घे."

ती कव्हरं घेऊन मी नेलिदाबाईंकडे गेलो तेव्हा मला तोंड वर करवेना. त्यांनी टिंबांवरून बोट फिरवलं. मग चष्मा लावला, शाईचं पेन आणलं, आणि पहिल्या कव्हरवर बाबांचं नाव लिहायला घेतलं. जन्मात हे नाव त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दहा-बारा कव्हरांवर ते वाकडं आलं. "सवय नाही मेल्या हाताला," त्या म्हणाल्या. मला वाटलं आता तरी थांबतील. थांबल्या नाहीत.

उरला अल्बोराडा क्लब. तिथले अध्यक्ष फुस्को. हर्नियापासून जावयापर्यंत आपल्या आयुष्यातल्या सगळ्या कटकटी हा माणूस मास्तरांच्या खात्यावर घालतो. मास्तरांना त्याने जन्मात पाहिलेलं नाही. माझा बेत ऐकून फुस्को म्हणाला, "आधी हॉलचा विमा उतरव. तुझाच धंदा आहे ना?" मी ऐटीत माझ्या जुन्या कंपनीत गेलो. माझ्याच टेबलावर आता एक गुळगुळीत दाढीचा अधिकारी बसतो, मीच शिकवून तयार केलेला. त्याने मला कॉफी पाजली, माझ्या तब्येतीची चौकशी केली, आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "सर, झुंबर असलेला हॉल आणि हे नाव? वरचे लोक नाही ऐकणार."

"अरे, कारण आणि परिणाम! मी काय शिकवलं होतं तुला?"

"तुम्ही शिकवलं होतं की जोखीम ओळखायची, सर."

बाहेर रस्त्यावर आल्यावर मला खरंच भीती वाटायला लागली. लोक चुकतात हे मला माहीत होतं. पण सगळेच लोक चुकतात? ऑपरेशनची तारीख जवळ येत होती. समजा क्लबात खरंच काही झालं. समजा कुणाचा पाय मुरगळला. बाईंच्या छातीला तो धक्का सोसेल का? आणि मग त्यांना टेबलावर नेलं तर? या विचाराने मला झोप येईना. मी मुकाट्याने फुस्कोला जाऊन सांगितलं की विमा उतरलाय. तो उतरला नव्हता. हे मी आजपर्यंत डेलियालाही सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हीही आपल्यापुरतं ठेवा.

डेलियाने त्याच आठवड्यात माझ्या पँटी इस्त्रीला काढल्या आणि एकेक उलटी करून पलंगावर मांडली. "हे काय रे? सगळ्यांचे डावेच खिसे फाटलेत!"

"किल्ल्या," मी म्हणालो.

"किल्ल्या तू उजव्या खिशात ठेवतोस."

मी विषय बदलला.

रविवारी दुपारी नाच होता. अल्बोराडाचा हॉल भरला होता, कारण आमच्या लोकांना भीती असते पण भीतीपेक्षा चौकसपणा जास्त. झुंबराखालची टेबलं तेवढी रिकामी. फुस्कोने आपली ड्यूटी स्वतःच कँटीनमध्ये लावून घेतली होती. "मी ग्लास भरतो, तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून दार ओढून घेतलं. गाणी लावायला वेन्से बसला होता, मनगटाला तीन दोरे. नेलिदाबाई पहिल्या रांगेत, मोरपंखी पोशाख, ताजे रंगवलेले केस, लिपस्टिक. मांडीवर पर्स घट्ट धरलेली. त्यांचे ओठ किंचित हलत होते.

पहिलं गाणं सुरू झालं. बँडोनियन काय बोलत होतं म्हणून सांगू! एकही टक् नाही, सूर जागच्या जागी. आणि हॉलमध्ये एक माणूस उठला नाही. सुरुवातीला मी म्हटलं, ठीक आहे, आमच्याकडे गाणं लागल्यावर थोडा वेळ गप्पा मारायची पद्धतच आहे. पण गप्पाही होत नव्हत्या. सगळे पुरुष ताठ बसले होते आणि सगळ्यांचे डावे हात टेबलाखाली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की घोडं कुठे अडलंय. टँगोत पुरुषाचा उजवा हात बाईच्या पाठीवर असतो आणि डाव्या हातात तिचा हात धरायचा असतो. डावा हात! नाचायचं तर तो जागेवरून काढावा लागणार. गाण्यामुळे कुणी खिळून बसला नव्हता. हात सोडवत नव्हता म्हणून बसले होते सगळे.

पहिलं गाणं रिकाम्या जमिनीवर संपलं. नेलिदाबाईंनी पर्सची क्लिप उघडली आणि मिटली.

दुसरं लागलं. आमच्याकडे नाचायला चला असं तोंडाने विचारत नाहीत. लांबून नजर द्यायची, समोरच्याने मान हलवली की झालं. नेलिदाबाईंनी हॉलभर नजर फिरवली. पुरुष पटापट छताकडे, बुटांकडे, सोड्याच्या बाटल्यांकडे बघायला लागले. मग ती नजर माझ्यावर येऊन थांबली. मीही झुंबराकडे बघायला लागलो. साखळी चांगली जाड होती.

टेबलाखालून डेलियाची लाथ बसली. "हात काढ खिशातून."

"मी अपशकुन मानत नाही."

"मग काढ की!"

खरं सांगतो, निघेना. अर्ध्या मिनिटात मला माझी सगळी नोकरी आठवली, कठड्यावरचं मांजर आठवलं, साबणाचं पाणी आठवलं, तरी हात निघेना. मला माझीच लाज वाटली. नेलिदाबाई अजून बघत होत्या. त्यांच्या नजरेत रागबिग काही नव्हता. आयुष्यभर ज्याची सवय झालीय तेच पुन्हा घडतंय, असं नुसतं बघणं होतं. मग मी मान हलवली आणि हात काढला. अस्तराचा एक तुकडा बरोबर आला.

आम्ही मधोमध गेलो, झुंबराखाली. मी काही मोठा नाचणारा नाही. दुसरं गाणं आम्ही पार पाडलं, त्यात मी एकदा त्यांच्या पायावर पाय दिला आणि त्या म्हणाल्या, "हे बाबांमुळे नाही, हे तुझ्यामुळे." तिसरं सुरू झालं. मी म्हटलं ना, गाण्याच्या सुरुवातीला उभ्या उभ्या चार शब्द बोलायची पद्धत आहे.

"तुझा हात घामाने भिजलाय," त्या म्हणाल्या.

"उकडतंय."

"बाबा मला शाळेत सोडायला यायचे. पण पलीकडच्या फुटपाथवरून. या बाजूने मी, त्या बाजूने ते. चौकात मी थांबायची. ते गाड्या बघायचे आणि पलीकडून मान हलवायचे, मग मी रस्ता ओलांडायची. माझा हात त्यांनी कधी धरला नाही बेर्तो. लोक म्हणतात ते त्यांनाही खरं वाटायचं. मला काही होईल म्हणून घाबरायचे."

मला रडू आलं. भर हॉलमध्ये, झुंबराखाली, सगळ्या मोहल्ल्यासमोर. मी त्यांचा हात जरा जास्तच दाबून धरला असणार, कारण त्या म्हणाल्या, "मोडशील की रे. चल, नाच आता."

तेवढ्यात डेलिया उठली. आपल्या जुन्या फार्मसीवाल्यांच्या विधवेला हाताला धरून तिने ओढलं आणि सगळ्या बायकांना उद्देशून ठणकावलं, "अगं, मिठीत घेतल्यावर डावी बाजू समोरच्याच्या छातीला टेकलेलीच असते! आपल्याला कसली भीती? उठा!" बायकांनी क्षणभर विचार केला. हिशेब बिनचूक होता. दोन बायका उठल्या, मग चार, एकमेकींबरोबर. बायका नाचताहेत आणि आपण टेबलाखाली हात घालून बसलोय, हे काही पुरुषांना बघवेना. अन्सेल्मो उठला. एलिसेओ उठला. तारान्तो उठले. चौथ्या गाण्याला आम्हाला वळायला जागा नव्हती. झुंबर हललं नाही. कुणाचा पाय मुरगळला नाही. मी मात्र नाचता नाचता साखळीकडे बघत होतो, कारण गाणं अजून संपलेलं नव्हतं.

मग संपलं. वेन्से माइकपाशी गेला. चार गाणी झाली की कोणाची होती ते सांगायचं असतं.

"आत्ता तुम्ही ऐकलेत चार टँगो," तो म्हणाला. "ऑर्केस्ट्रा... सादरकर्ते..." त्याचा हात मनगटाच्या दोऱ्यांशी गेला. देव न मानणाऱ्या माणसाच्या तोंडातून पुढे शब्द फुटेना.

नेलिदाबाईंनी माझा हात सोडला. त्या सावकाश चालत गेल्या, वेन्सेला कोपराने बाजूला सारलं आणि माइकमध्ये स्वच्छ आवाजात म्हणाल्या :

"सिल्व्हेरिओ कापुर्रो. माझे बाबा."

आणि कँटीनमध्ये प्रचंड आवाज झाला. काच फुटल्याचा. एक ग्लास नाही, ट्रेभर.

हॉल गारठला. शंभर डावे हात खाली जायला निघाले. मी नेलिदाबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या माइकपासून एक पाऊल मागे सरल्या, मग आणखी एक, आणि भिंतीला टेकल्या. मला वाटलं, संपलं. हे मी केलं. या बाईला मी इथे आणून उभं केलं.

कँटीनचं दार उघडलं. फुस्को बाहेर आला. छातीपासून गुडघ्यापर्यंत व्हर्मुथने भिजलेला, हातात रिकामा ट्रे. त्याने हॉलकडे बघितलं, निम्म्या वाटेवर थांबलेल्या हातांकडे बघितलं, मग भिंतीला टेकलेल्या नेलिदाबाईंकडे. तो काय म्हणणार हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

"मी पाडला," फुस्को म्हणाला.

त्याने बुटाने मागच्या फरशीकडे खूण केली.

"फरशी ओली होती. पुसायला सकाळी सांगितलं होतं, कुणी पुसली नाही, मीही नाही पुसली. आणि मी ट्रे घेऊन दारातून चोरून नाच बघत होतो. माझा पाय घसरला. मास्तरांचा काही संबंध नाही. मी पाडला."

नेलिदाबाई भिंतीपासून पुढे आल्या. त्यांनी स्टँडवरून माइक काढून घेतला आणि काचा टाळत फुस्कोपाशी गेल्या.

"सेन्योर फुस्को, मागच्या टेबलांना ऐकू नाही गेलं," त्या म्हणाल्या आणि माइक त्याच्या तोंडासमोर धरला. "पुन्हा सांगता?"

फुस्कोने ट्रे काखेत धरला, घसा खाकरला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं.